डब्यात न गेलेली सुई

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले की हिंडलगा, सुळगा मागे पडतात, उचगावचा फाटा येतो आणि तिथून जवळच तुरमुरी. या एका रस्त्यावर दोन उलट्या वाहतुकी चालतात. उचगाव, बेक्किनकेरी, अतिवाड या पश्चिम पट्ट्यातली रताळी, बटाटे, भाजी आणि दूध शहराकडे जाते, आणि शहराचा कचरा महापालिकेच्या गाड्यांतून तुरमुरीच्या डेपोवर येतो. डेपोची दुर्गंधी आणि त्यातून झिरपणारे काळे पाणी यांविरुद्ध आसपासच्या गावांनी वेळोवेळी आवाज उठवलेला आहे. त्या तक्रारीत सुईचा उल्लेख सहसा नसतो, कारण कागदोपत्री या डेपोत इंजेक्शनची एकही सुई येता कामा नये. दवाखान्याचा कचरा वेगळ्या पिशव्यांत, वेगळ्या गाडीतून, वेगळ्या केंद्रावर जातो. महापालिकेच्या ढिगात तो मिसळायला नियमांची मनाई आहे. तरीही सुई ढिगात पोहोचू शकते, आणि त्यासाठी कोणत्याही दवाखान्याने नियम मोडण्याची गरज नसते. ती घरातून येते, गोठ्यातून येते. वैद्यकीय कचऱ्याचा प्रश्न मोठ्या यंत्रांनी सुटतो अशी आपली समजूत आहे. माझ्या मते तो सुई अंगातून बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात सुटतो किंवा कायमचा फसतो, आणि ते अर्धे मिनिट आपण फक्त दवाखान्यात मोजत बसलो आहोत.

हे असे का झाले हे समजायला थोडे मागे जावे लागते. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो बेळगावकरांना आज मैदान आणि झाडी म्हणून ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे वासरांच्या अंगावर देवीची लस तयार होई आणि मुंबई इलाख्यात पाठवली जाई. गावोगाव फिरून देवी काढणाऱ्याकडे टोचायचे हत्यार एकच असे. ते पुसायचे, तापवायचे आणि पुढच्या दंडाला लावायचे. पुढे इंजेक्शन आले तेव्हाही सिरिंज काचेची आणि सुई पोलादी होती. डॉक्टरांच्या टेबलामागे स्टोव्हवर पसरट भांड्यात ती उकळत असे. त्या दवाखान्यात कचरा म्हणावा असे फारच थोडे निघे: थोडा कापूस, फुटकी काच, पट्ट्या. उकळणे नीट झाले नाही तर मात्र एकाचा रोग दुसऱ्याच्या रक्तात जाई, आणि ते नीट होत नसे हे नंतर आकड्यांनीच दाखवले. एड्सच्या धास्तीने १९८०-९०च्या दशकांत एकदाच वापरायची प्लास्टिकची सिरिंज सर्वत्र रुजली. तिने पुढच्या रुग्णाचे रक्षण केले यात शंका नाही. पण धोका नाहीसा झाला नाही, त्याने माणूस बदलला. पूर्वी तो बाकड्यावर बसलेल्या पुढच्या रुग्णाच्या वाट्याला येई, आता तो दवाखाना झाडणाऱ्या मावशींच्या, कचरागाडीवरच्या पोराच्या आणि भंगार वेचणाऱ्या बाईच्या वाट्याला आला. इंजेक्शन घेताना ‘नवी सुई फोडा’ म्हणायला आपण शिकलो. जुनी कुठे गेली हे विचारायला मात्र शिकलो नाही.

कायद्यानेही आधी यंत्राकडेच पाहिले. दिल्लीच्या कचऱ्यासंबंधी वढेरा खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ५० आणि त्याहून अधिक खाटांच्या रुग्णालयांना कचरा जाळण्याची भट्टी किंवा तशीच दुसरी सोय उभी करायला सांगितले. हेतू चांगला होता, पण भट्टीत काय घालायचे हे ठरलेले नव्हते. सलाईनच्या नळ्या, रक्ताच्या पिशव्या पीव्हीसीच्या. त्या अर्धवट जळल्या की क्लोरिनमुळे डायॉक्सिन आणि फ्युरान तयार होतात, आणि ही विषे चरबीत साठत दुधापर्यंत पोहोचतात. म्हणजे सूक्ष्मजंतू मारायचे आणि त्यांच्या जागी वर्षानुवर्षे टिकणारे रसायन हवेत सोडायचे, असा तो व्यवहार झाला. १९९८च्या पहिल्या नियमांनी अशा प्लास्टिकच्या जाळण्याला मनाई केली. २८ मार्च २०१६ च्या नव्या नियमांनी तर भट्टीचे मापच बदलले: दुसऱ्या कक्षात १०५० अंशांच्या आसपास तापमान, धूर तिथे किमान दोन सेकंद राहिला पाहिजे, आणि घनमीटरमागे डायॉक्सिन-फ्युरान ०.१ नॅनोग्रॅमच्या वर नको. प्रत्येक दवाखान्याने आपापली भट्टी पेटवण्याऐवजी एका प्रदेशाला एक सामायिक केंद्र, हेही तत्त्व पक्के झाले. याच नियमांत जंतुनाशक म्हणून ‘१० टक्के’ हायपोक्लोराइट, तेही ‘३० टक्के’ क्लोरिन असलेले, असे अशक्य प्रमाण छापले गेले होते; ते १ ते २ टक्क्यांवर आणायला २०१८ उजाडले. नियम करणाऱ्यांचेही डबे कधी कधी चुकतात.

आता ते अर्धे मिनिट जवळून पाहू. परिचारिका एक इंजेक्शन देते. सिरिंजचे वेष्टन आणि औषधाचे खोके हा साधा सुका कचरा. फोडलेली काचेची कुपी निळ्या खोक्यात. ज्या कापसाने दंड पुसला आणि ज्याला रक्ताचा ठिपका लागला तो पिवळ्या पिशवीत, कारण तो जाळायचा आहे. सुई कटरमध्ये घालून तोडायची. तुटलेली सुई भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, आणि उरलेली प्लास्टिकची नळी लाल पिशवीत. एका टोचणीचे पाच वाटे, आणि मधे कुठेही सुईला टोपण परत लावायचे नाही, कारण आरोग्य कर्मचाऱ्यांना सुई टोचते ती फार वेळा टोपण लावतानाच. पुढची सारी साखळी या पाच हालचालींवर उभी आहे. लाल पिशवी ऑटोक्लेव्हमध्ये जाते, १२१ अंशांच्या वाफेत किमान तासभर राहते, मग तिचा चुरा होऊन प्लास्टिक पुन्हा वापरात येते. ऑटोक्लेव्ह खरोखर काम करते की नाही हे तपासायला उष्णतेला सर्वांत चिवट असे जंतूंचे बीजाणू आत ठेवून पाहतात. पांढऱ्या डब्यातल्या सुया निर्जंतुक करून, चुरून लोखंडाच्या फौंड्रीत वितळवण्याची मुभा नियमांनी दिली आहे. बेळगावच्या उद्यमबागेला किंवा कोल्हापूरच्या शिरोलीला ओतकाम काय असते हे सांगायला नको. पण लाल पिशवीत एक सुई चुकून गेली की पिशवी फाटते, हात फाटतो आणि संपूर्ण पिशवी संशयित होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने रुग्णालयाच्या कचऱ्यातला सुमारे ८५ टक्के भाग घरच्या कचऱ्यासारखाच निरुपद्रवी असतो, धोक्याचा भाग १५ टक्के. जेवणाचे उष्टे आणि रक्ताचे बँडेज एका बादलीत पडले की शंभरच्या शंभर टक्के कचरा धोक्याचा होतो, आणि तो तसा हाताळायचा खर्चही सहा-सात पट. छोट्या दवाखान्याचा नेहमीचा आक्षेप असतो की हे सगळे फार महाग आहे. तो खरा आहे, पण महाग पडते ते मिसळणे. वेगळे करायला लागतात चार डबे आणि एक सवय.

या डब्यांचा आणखी एक गुण सीमाभागात विशेष लक्षात येतो. पाटी कोणत्या भाषेत असावी यावर बेळगावात पिढ्या भांडल्या आहेत. लाल, पिवळा, निळा, पांढरा यांना लिपी लागत नाही; कन्नड वाचणाऱ्या परिचारिकेला आणि मराठी वाचणाऱ्या मावशींना ते सारखेच दिसतात. तीन अर्धचंद्र एकमेकांत गुंतलेले ते जैवधोक्याचे चिन्हही अमेरिकेत १९६६ साली मुद्दाम असेच तयार केले गेले, की पाहणाऱ्याला त्याचा आधीचा काही अर्थ आठवू नये पण आकार लक्षात राहावा. मात्र रंग ‘कुठे’ एवढेच सांगतो, ‘का’ ते सांगत नाही. का ते माहीत नसलेला माणूस गडबडीच्या दिवशी जवळचा डबा गाठतो.

एवढी काळजी खरेच लागते का, हा रास्त प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर भीती न वाढवता दिले पाहिजे. आरोग्य कर्मचाऱ्याला संसर्ग असलेल्या रुग्णाची ताजी सुई टोचली तर हेपॅटायटिस बी होण्याची शक्यता, लस घेतलेली नसल्यास, ३० टक्क्यांपर्यंत जाते. हेपॅटायटिस सी साठी ती सुमारे ३ टक्के किंवा त्याहून कमी, एचआयव्हीसाठी सुमारे ०.३ टक्के. हे आकडे रुग्णालयातल्या ताज्या सुईचे आहेत. उन्हात चार दिवस पडलेल्या सुईने एचआयव्ही होण्याची शक्यता जवळजवळ नगण्य, आणि रस्त्यावरच्या सुईवरून पसरणाऱ्या भयकथांना फारसा आधार नाही. हेपॅटायटिसचे मात्र तसे नाही. बी चा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस जिवंत राहतो, आणि सी चा विषाणू सिरिंजच्या पोकळीत अनुकूल तापमानाला कित्येक आठवडे तग धरतो असे प्रयोगशाळेत दिसले आहे. शिवाय सुईचा सर्वांत मोठा धोका टोचण्यात नाहीच, ती परत वापरली जाण्यात आहे. २००० साली दूषित इंजेक्शनांमुळे जगात हेपॅटायटिस बी चे सुमारे २ कोटी १० लाख, सी चे २० लाख आणि एचआयव्हीचे २ लाख ६० हजार नवे संसर्ग झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. त्याच दशकात आपल्या देशभर झालेल्या पाहणीत ६३ टक्क्यांच्या आसपास इंजेक्शने असुरक्षित ठरली होती. आणि २००९ साली गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा परिसरात हेपॅटायटिस बी ची साथ आली, चाळीसहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच्या तपासात वापरलेल्या सिरिंजांचा पुनर्वापर आणि भंगारात होणारी त्यांची खरेदी-विक्री उघडी पडली. सुई कटरने तोडणे म्हणजे रिकामी औपचारिकता वाटते, पण तोडलेली सुई कोणी धुऊन पुन्हा विकू शकत नाही, एवढे त्याचे साधे कारण आहे.

इथवरची गोष्ट दवाखान्याची झाली, आणि तिथे परिस्थिती सुधारलेली आहे हे मान्य केले पाहिजे. १९९८च्या नियमांनी महिन्याला हजाराहून कमी रुग्ण पाहणाऱ्या दवाखान्यांना परवानगीतून सूट दिली होती, म्हणजे खेड्यातले बहुतेक सगळेच सुटले होते. २०१६ने ती पळवाट बंद केली. एका खोलीचा दवाखाना, रक्तदान शिबिर, लसीकरणाचे सत्र, जनावरांचा दवाखाना, सगळे आता कक्षेत आहेत. पण दरम्यान उपचारच दवाखान्यातून उठून घरी गेला. मधुमेही माणूस सकाळी परसात चूळ भरून स्वतःच इन्सुलिन टोचून घेतो. रोज एक सुई धरली तरी वर्षाला ३६५, साखर तपासायच्या सुया वेगळ्या. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची लघवीची पिशवी, जखमेच्या पट्ट्या, कधी घरीच चढवलेले सलाईन. गोठ्यात तर ही संख्या मोजणारेच कोणी नाही. जनावरांचा डॉक्टर मोटारसायकलवर येतो, म्हैस भरवतो किंवा दगडीची इंजेक्शने देतो. लांब प्लास्टिकचे हातमोजे आणि सुया गव्हाणीच्या कोपऱ्यात राहतात. दवाखाना नियमात आहे, गोठा नाही.

घरातल्या या सुईला कायद्यात जागा आहे, फक्त ती वैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत नाही. घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांनी तिला घरगुती धोकादायक कचरा म्हटले, रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या आणि जुन्या बॅटऱ्यांच्या पंगतीला बसवले, आणि शहरात दर २० चौरस किलोमीटरला असा कचरा स्वीकारणारे एक केंद्र असावे असे सांगितले. शहरात. खेड्यासाठी असे अंतर कुणी मोजले नाही. यातला आणखी एक भेद डोळ्यांत भरतो. वैद्यकीय कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे हे दवाखान्याच्या मालकावर बंधनकारक आहे. तीच सुई घराच्या कचऱ्यातून आली तर ती उचलणाऱ्या घंटागाडीवरच्या माणसासाठी त्या नियमांची ही सक्ती लागू होत नाही. सुई तीच, रक्त तेच. फक्त निघाली ते दार वेगळे.

आणि उचगावच्या पट्ट्यात दार ओलांडलेली सुई घंटागाडीतच जाते असेही नाही. ती उकिरड्यावर जाते. उकिरडा म्हणजे टाकून दिलेली जागा नव्हे, ते खताचे भांडार आहे. उन्हाळ्यात तो उकरून गाडीतून शेतात जातो, पसरला जातो, पाऊस पडला की चिखलात मिसळतो. मग भाताच्या लावणीला बायका अनवाणी उभ्या राहतात. पुढे रताळी काढायच्या वेळी माती हातानेच चाचपून वेल उपसतात. शेण कुजते, पाला कुजतो, पोलाद कुजत नाही. त्या सुईत सहा महिन्यांनी विषाणू नसेल हे मान्य. पण शेणखताच्या मातीत गंजके टोक पायात जाणे हे धनुर्वाताचे जुने, पाठ्यपुस्तकातले निमित्त आहे, आणि प्रौढ स्त्रीने धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन बहुधा गरोदरपणात घेतलेले असते. शहराच्या कचऱ्यापासून खत करण्याच्या योजनांनाही हीच अडचण आहे. सुई मिसळलेले खत चाळून वेगळे करता येईलही, पण शेतकऱ्याचा विश्वास चाळणीने परत येत नाही.

मग जाळून टाका, नाहीतर पुरून टाका, हा गावातला सर्वांत सोपा सल्ला. परसातल्या जाळाची उष्णता हजार अंशांच्या जवळपासही जात नाही. सुई काळी होऊन तशीच उरते आणि नळ्यांचा धूर घरातल्याच माणसांच्या छातीत जातो. पुरण्याला नियमांत स्थान आहे, पण ते दुर्गम भागापुरते, जिथे सामायिक केंद्राची गाडी पोहोचतच नाही. त्याची अट अशी की दोन मीटर खोल खड्डा निम्मा भरायचा, वर चुना, मग माती, आणि खड्ड्याच्या तळापासून भूजल किमान सहा मीटर खाली हवे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पावसात, मार्कंडेय नदीच्या काठाने, जिथे श्रावणात विहिरी हाताने पाणी घेण्याइतक्या भरतात, तिथे ही अट कोणत्या परसात पुरी होईल?

सीमेचा प्रश्न इथे आणखी एका रूपाने येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचनांनुसार सामायिक केंद्राने आपल्याच राज्यातले ७५ किलोमीटरच्या परिघातले दवाखाने घ्यायचे. त्या परिघात दहा हजार खाटा भरत नसतील तर परीघ १५० किलोमीटरपर्यंत वाढतो. कचरा ४८ तासांच्या आत मार्गी लागायचा. निपाणी बेळगावपासून रस्त्याने ७५ किलोमीटरच्या आसपास आणि कोल्हापूरपासून त्याच्या जवळजवळ निम्म्यावर, तरी निपाणीच्या पिवळ्या पिशवीला कोल्हापूरची वाट बंद. चंदगड तालुक्यातला रुग्ण शिनोळीची हद्द ओलांडून बेळगावच्या रुग्णालयात येतो, त्याचे बँडेज कर्नाटकाच्या हिशेबात जाते, आणि तो इन्सुलिनच्या सुया घेऊन परत महाराष्ट्रात जातो. माणूस, दूध, भाजी, भंगार सगळे हद्द ओलांडते. थांबते ती फक्त कायदेशीर पिशवी. याचा अर्थ नियम मूर्खपणाचा आहे असा नाही. दवाखान्याला आणि केंद्राला परवानगी देणारे मंडळ एकच असले तर बारकोड लावलेली पिशवी कुठे हरवली हे शोधता येते; दोन मंडळांच्या मधल्या फटीत कचरा गायब करणे फार सोपे आहे. म्हणून हद्द उठवा म्हणण्यापेक्षा दोन्ही मंडळांनी एकमेकांच्या नोंदी पाहाव्यात ही मागणी अधिक शहाणपणाची ठरेल. भंगाराच्या गाडीची मात्र आजही कोणाकडेच नोंद नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: खेड्यात हे चालायचे नाही, घरोघरच्या सुया कोण गोळा करणार? याला उत्तर गावातच आहे. बालकांच्या लसीकरणात गेली वीस वर्षे अशी सिरिंज वापरली जाते जी एका वापरानंतर आपोआप अडकते. अंगणवाडीतले सत्र संपले की परिचारिका लसीच्या पेटीबरोबरच तोडलेल्या सुयांचा डबा आणि फोडलेल्या कुप्या आरोग्य केंद्रात परत नेते. नेणारा हात आणि आणणारा हात एकच, म्हणून ते टिकले. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा असे घरोघर सांगितले. सगळ्यांनी ऐकले नाही, पण ज्या घराने ठिपका काढला त्या घराच्या कचऱ्यात हात घालणारी बाई सावध झाली. घरातल्या सुईला यापेक्षा जास्त काही लागत नाही. जाड प्लास्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा रिकामा डबा, झाकणाला सुई जाईल एवढे भोक. पाऊण भरला की चिकटपट्टीने बंद. पाण्याची पातळ बाटली चालत नाही, ती पायाखाली दबली की सुई बाहेर येते.

हा डबा कुठे द्यायचा, इथे मात्र घरच्यांची सवय संपते आणि व्यवस्थेचे काम सुरू होते. औषध दुकानदार म्हणेल की मी सुया विकतो, परत घेणे माझ्या परवान्यात नाही, आणि तो खोटे बोलत नाही. गोळा करायला सर्वांत जवळची जागा प्राथमिक आरोग्य केंद्रच. तिथे पांढरा डबा आहे, तो घेऊन जाणारी गाडी ठरलेली आहे. अडचण एवढीच की आरोग्य केंद्राच्या परवानगीपत्रात किती कचरा निघतो याची नोंद असते आणि गावातून आलेल्या सुया त्या नोंदीत बसत नाहीत. ती नोंद वाढवून मागायची तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि आरोग्य अधिकाऱ्यांचे पत्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जावे लागेल, आणि गोठ्यातल्या सुयांसाठी तसेच दुसरे पत्र पशुवैद्यकीय दवाखान्याकडून.